नुसती चिठ्ठी देणारे डॉक्टर

प्रिय शिट्टी,

हे नाव तुला तुझ्या दादाने दिलं आणि आता त्या नावाने हाक मारणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. निवृत्त झाल्यावर खेळाच्या तासाची ती शिट्टी शाळेत परत करावी लागली असली तरी नाव काही परत घेता येत नाही. मागच्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, "वहिनी, डोळे तपासायचा विषय पुन्हा काढलास तर फोन ठेवीन." मी पुन्हा काढला आणि तू फोन ठेवलास. शब्दाला पक्की आहेसच तू. मी स्वतः आले असते, पण मग तू चहा टाकायला म्हणून आत गेली असतीस आणि बाहेर येईपर्यंत विषय बदलला असता. पत्राचं एक बरं असतं, रागाने बाजूला ठेवलं तरी नंतर उचलून वाचता येतं.

आधी माझी खुशाली. मी बरी आहे. हे मी सगळ्यांना सांगते तसं सांगत नाही, खरंच बरी आहे. ऑफिसात होते तेव्हा मोठमोठ्या इमारतींचे आराखडे काढले, आता कोपऱ्यावरच्या सुताराला कपाटांचे काढून देते. तो माप तोंडी सांगतो, मी कागदावर उतरवते, आणि मग तो म्हणतो, "ताई, हे तर मी सांगितलं त्यापेक्षा चांगलं दिसतंय, पण बसणार कुठे?" मग आम्ही दोघं फूटपट्टी घेऊन त्या घरी जातो. दिवस बरा जातो. रडू येतं का, असं तू मागे विचारलं होतंस. येतं कधीकधी, पण जेव्हा येईल असं वाटतं तेव्हा येत नाही. तुझ्या दादाचे कपडे देऊन टाकले तेव्हा आलं नाही. समोरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि त्याच्याऐवजी दुसराच कोणी मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन दुरुस्तीला आला तेव्हा आलं. पण खिडकी बंद केली आणि कुकर लावला. एकटीसाठी कुकर लावणं आता जमायला लागलं आहे.

फोन ठेवण्याच्या आधी तू एक वाक्य बोललीस. "तुमच्या त्या डॉक्टरला स्वतःला काय येतं? तो नुसता चिठ्ठी देतो. आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा दिवसभर चिठ्ठ्याच द्यायचा." मला हसू आलं, कारण हे तू आठ वर्षांपूर्वीही म्हणाली होतीस आणि तेव्हा तुझा दादाही हसला होता. पण नंतर माझ्या लक्षात आलं की ती चिठ्ठी कशी लिहिली गेली हे तुला आम्ही कधी नीट सांगितलंच नाही. तुला फक्त शेवट कळवला. काचबिंदू आहे, थेंब घालायचे, काळजी करू नकोस. तुझ्या दादाला लांबण लावायचा कंटाळा आणि मला बोलायचाच कंटाळा. तेव्हा आज सांगते.

तुला त्याचा डावा खांदा आठवतो का? त्या वर्षी त्यावर सतत काळे-निळे डाग असायचे. मी विचारलं की म्हणायचा, लिफ्टच्या वरच्या खोलीची दारं अरुंद असतात. पण घरातली दारं तर मी स्वतः मापली आहेत, ती अरुंद नाहीत. एकदा माझा हात धरून रस्ता ओलांडताना त्याने डावीकडून येणाऱ्या रिक्षासमोर सरळ पाय टाकला. चहा ओतताना कप डावीकडे असेल तर चहा टेबलावर. आम्ही आपले वय, वय करत राहिलो. तू तेव्हा म्हणालीस, "थेट मोठ्या डॉक्टरकडे जा, मध्ये दलाल कशाला?" आणि त्यात चुकीचं काही नव्हतं, सगळेच तसं करतात. खांद्याला लागलं होतं म्हणून आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खांदा छान तपासला आणि व्यायाम दिले. तोल जातो म्हटल्यावर ते म्हणाले, कान दाखवा. कानाच्या डॉक्टरांनी कान साफ करून दिले, तेवढा एक फायदा झाला, मी आतल्या खोलीतून पुटपुटलेलंही त्याला ऐकू यायला लागलं. मग कोणीतरी मानेचं सुचवलं. मानेच्या डॉक्टरांना मानेत थोडी झीज दिसली, या वयात कोणाच्या मानेत दिसत नाही, आणि त्यांनी गळ्याभोवती तो जाड पट्टा दिला. यातलं कोणीही निष्काळजी नव्हतं बरं का. आम्ही खांदा दाखवला, त्यांनी खांदा पाहिला. मान दाखवली, त्यांनी मान पाहिली. आख्खा माणूस आम्हीच कोणाला दाखवला नव्हता.

पट्टा लावल्यापासून मात्र तो दुप्पट आपटायला लागला. पट्टा काढला की कमी, लावला की जास्त. आम्हाला वाटलं, पट्टा मोठा झाला असेल.

मग मला खोकला झाला. एवढ्याशा खोकल्याला मोठा डॉक्टर कशाला, म्हणून मी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. तुझा दादा सोबत आला. दवाखाना तुला माहीत आहे, दोन खोल्या, बाहेर एक बाक, आतल्या खोलीचं दार कायम उघडं, कारण त्याची कडी कधीच लागत नाही. तो आत शिरताना डाव्या खांद्याने चौकटीला धडकला आणि मग बाकावर बसायला गेला तो थेट एका म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवरच बसत होता. त्या ओरडल्या, "अहो, मी आहे इथे!" डॉक्टर आतून पाहत होते. माझा खोकला त्यांनी दोन मिनिटांत उरकला आणि म्हणाले, "आता मेकॅनिकला आत बोलवा. तो गळ्यातला हार काढून."

त्यांनी आधी काहीच तपासलं नाही, नुसते प्रश्न विचारले. पट्टा घातल्यावर जास्त आपटता की कमी? जास्त? नक्की? मग त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला, म्हणाले, माझ्या नाकाकडे बघत राहा, माझं बोट दिसलं की सांगा. उजव्या डोळ्याला बोट लगेच दिसलं. मग डाव्या डोळ्याची पाळी आली. डॉक्टर आपलं बोट हलवत हलवत बाहेरून आत आणत होते. मी बाजूला उभी होते. बोट कानाच्या रेषेत आलं, पुढे आलं, जवळजवळ त्यांच्या स्वतःच्या गालापर्यंत आलं. तुझा दादा म्हणाला, "करा ना सुरू. तुम्ही अजून बोट आणलंच नाही."

मला बोट दिसत होतं.

डॉक्टरांनी आम्हाला घाबरवलं नाही. ते म्हणाले, पट्ट्यामुळे तुम्हाला मान वळवता येत नव्हती, आणि मान वळवूनच तुम्ही आजवर डावी बाजू बघत होता. स्वतःच्या नकळत. म्हणून पट्टा लावला की आपटणं वाढलं. हे डोळ्यांचं काम आहे, आणि घाईचं आहे. मग त्यांनी कागद घेतला. ही तुझी ती चिठ्ठी. मला वाटलं होतं, दोन ओळी खरडतील, डोळे तपासून मिळावेत, आपला नम्र. त्यांनी पान भरलं. बाहेर बाकावरचे लोक खोकून खोकून आठवण देत होते, तरी लिहीत राहिले. लिहून झाल्यावर पाकिटात घातलं नाही, आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांची ती पद्धतच आहे. वाचतात, आणि सही करण्याआधी पेशंटला विचारतात, "हे तुम्हीच ना? नीट ऐका, नाहीतर मी दुसऱ्याच माणसाला पाठवायचो."

त्यात सुरुवातीला आजार नव्हताच. सुरुवात अशी होती, की हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतात, उंच इमारतींच्या आत अंधाऱ्या पोकळीत शिडीने उतरतात आणि वर लोकांचे जीव असतात. मग खांदा, रिक्षा, पट्टा, बोट, सगळं क्रमाने. पुढे लिहिलं होतं, डोकेदुखी नाही. तुझा दादा म्हणाला, "डोकं दुखतं." मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "संध्याकाळी. दिव्यांभोवती गोल पण दिसतात. हिला सांगितलं नाही." डॉक्टरांनी ते खोडून नीट लिहिलं आणि मला विचारलं, "तुमचं काही?" मी चहाचं सांगितलं. तेही लिहिलं. इतकी वर्षं संसार केला आणि त्याचं डोकं दुखतं हे मला एका चिठ्ठीच्या वाचनात कळलं. पण राग आला नाही. चहा टेबलावर पडतो हे मीही त्याला सांगत नव्हते, गुपचूप पुसत होते.

आणि शेवटी त्यांनी तीन प्रश्न घातले. म्हणाले, मोठ्या डॉक्टरांना नुसतं 'बघा' म्हणून पाठवलं तर ते बघतात आणि परत पाठवतात. त्यांना विचारावं लागतं. याने लिफ्टच्या आत उतरावं का? राहिलेली नजर टिकवायला घरच्यांनी काय करायचं? आणि घरातल्या बाकीच्यांचं काय? मग समोरच फोन लावला, कारण तिथे नंबर लागायला महिने लागतात, आणि म्हणाले, "मी सहसा घाई करत नाही, म्हणून आज करतोय ती ऐका."

हॉस्पिटलमध्ये आम्ही दबकतच गेलो. एवढं मोठं, सगळे जण कुठेतरी चाललेले. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी चिठ्ठी उभ्यानेच वाचायला घेतली, मग वाचता वाचता खाली बसल्या. वर बघून म्हणाल्या, "पोकळीत उतरणारे तुम्हीच का?" इतकंच. पण आधीच्या तीन ठिकाणी आम्ही खांदा होतो, कान होतो, मान होतो. इथे तो ओळखीचा निघाला. त्याची पाठ सरळ झाली. मग हनुवटी टेकवून ते ठिपके बघायचं मशीन, दिसला ठिपका की बटण दाबायचं. उजव्याला टकटक टकटक चाललं होतं. डाव्याला बराच वेळ शांतता. डोळ्यांतला दाब मोजला, आतली नस पाहिली. गेलेलं परत येणार नाही, त्या म्हणाल्या, पण उरलेलं जाऊ द्यायचं नाही. थेंब सुरू झाले.

त्यांचं उत्तर आमच्या डॉक्टरांकडे आलं आणि त्यांनी आम्हाला पुन्हा समोर बसवून ते वाचलं, प्रत्येक वाक्यावर थांबून. उतरायचं नाही, टेबलावरचं काम चालेल. तुझा दादा दोन आठवडे फुगून बसला होता, तुला आठवत असेल, तू त्याला फोनवर "रुसूबाई" म्हणालीस. मग वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना शिकवायला लागला आणि त्याला तेच जास्त आवडायला लागलं. घरी येऊन त्यांच्या नकला करायचा. थेंब मी घालायचे. तो म्हणायचा, "लग्नात तुझ्या बापाने सांगितलं नव्हतं, मुलगी डोळ्यांत पाणी आणेल म्हणून." रोज तोच विनोद. मी रोज हसायचे असं नाही, पण एखाद्या दिवशी तो विसरला तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

तो हृदयाने गेला, डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता, हे तुला माहीत आहे तरी पुन्हा सांगते. कारण "हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या की माणूस संपतो, शोधायला गेलं की सापडतंच," असं तू म्हणतेस. त्याचं सापडलं म्हणून तो शेवटपर्यंत बघत होता. त्या सकाळीसुद्धा खिडकीशी उभा राहून समोरच्या गच्चीवरचा माणूस तार उलटी जोडतोय हे त्याने मला दाखवलं. मला इतकं लांबचं दिसेना. थोड्या वेळाने तो माणूस स्वतःच डोक्याला हात लावून तार काढायला लागला, तेव्हा पटलं. तुझा दादा केवढा खूश झाला. तपासणीनंतरची ती सात वर्षं त्या पानभर चिठ्ठीने आम्हाला दिली असं मी मानते. म्हणून मी बरी आहे असं म्हणते तेव्हा त्यात हेही धरते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं, त्यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दादाने तुला त्याच संध्याकाळी फोन केला होता. तू म्हणालीस, "माझी घारीची नजर आहे. मैदानाच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाला कोण कोणाला चिमटा काढतंय ते मला दिसतं." आणि ते खरंच होतं, मीही पाहिलं आहे. पुढे तू चष्म्याच्या दुकानात जाऊन आलीस आणि नंबरसुद्धा वाढला नाही म्हणून पेढ्यासारखी बातमी वाटलीस. दुकानात नंबर बघतात ग. समोरचं किती बारीक दिसतं ते. कडेचं कोणी विचारत नाही, आणि आतला दाबही मोजत नाही. काल डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा त्यांना तुझं ते शिपायाचं वाक्य सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. ते इतके हसले की आत आलेली नवी मदतनीस दचकली. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. एवढंच शिकलो मी इतक्या वर्षांत, कोणाला कोणाच्या दारात न्यायचं ते. त्यांना म्हणावं, शिपाई वाट बघतोय." ते असंही म्हणाले की तुला तुझ्याच भागातल्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर तसं जा, पण भावाचं काय झालं होतं ते पहिल्या वाक्यात सांग.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. त्या सात वर्षांत मी तुझ्या दादाच्या कायम डावीकडून चालले. आम्ही ते ठरवलं नव्हतं, कधी बोललोही नाही, पायांनीच ठरवलं. गेल्या महिन्यात तू नातीला स्कूटरवर पुढे उभी करून आलीस, आणि आपण तिघी तिच्यासाठी वही आणायला दुकानापर्यंत चालत गेलो. निघालो तेव्हा मी तुझ्या उजवीकडे होते. दुकान आलं तेव्हा मी डावीकडे होते. मी कधी बाजू बदलली ते मला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा मी दुकानात काय घ्यायला आलो होतो तेच विसरले. मग घरी मी बघत राहिले. तू जेवायला भिंतीकडची खुर्ची मागून घेतलीस, म्हणजे सगळे तुझ्या उजवीकडे आले. मी डावीकडून पाण्याचा पेला पुढे केला तो माझ्या हातातच राहिला. आणि निघताना स्कूटर घेऊन फाटकातून वळलीस तेव्हा डावीकडून येणारा सायकलवाला कसाबसा थांबला. तू म्हणालीस, "डोळे घरी ठेवून येतात लोक." शिट्टी, त्याने घंटी वाजवली होती, मी ऐकली. तुझ्या नातीने दोन्ही हातांनी आरसा घट्ट धरला होता. मला वाटतं, तुलाही हे आत कुठेतरी माहीत आहे. नाहीतर तू खुर्ची बदलली नसतीस आणि फोनही ठेवला नसतास. स्कूटर काढून घेतील ही तुझी भीती मला कळते, तुझ्या दादाची शिडी काढून घेतली तेव्हा तो कसा बसून होता ते मी पाहिलं आहे. त्यांनी ती घेतली तर मी तुझ्याजवळ येऊन बसेन. पण तपासणी होईपर्यंत पोरीला त्यावर नेऊ नकोस, एवढं मात्र मी विनंती म्हणून लिहीत नाही. मी तुझ्या लेकीला काही सांगितलेलं नाही, जावयालाही नाही, आणि तू गेलीस तर सांगणारही नाही. गुरुवारी सकाळी मी तुझ्या दारात येते. बसने जाऊ आणि स्टॉपपासून दवाखान्यापर्यंत चालू. मी तुझ्या डावीकडून चालेन, बघणाऱ्याला वाटेल, नणंद-भावजय गप्पा मारत चालल्या आहेत.

तुझीच,
वहिनी